दोन क्विंटलची गाडी रोज वापरायची तर

पहिल्या महिन्यात माझी गाडी दोनदा आडवी झाली, आणि दोन्ही वेळा वेग शून्य होता. एकदा पेट्रोल पंपावर. पेट्रोल भरलं, पैसे दिले, निघायला हँडल डावीकडे वळवलं, तेवढ्यात समोर एक स्कूटी आली म्हणून पुढचा ब्रेक दाबला. झालं. दुसऱ्यांदा आमच्याच सोसायटीच्या गेटसमोर, घरी पोचल्याच्या आनंदात. साइड स्टँड पुरता उघडलाच नव्हता आणि मी गाडी त्याच्यावर सोडून दिली. वर्धा रोडवर साठच्या वेगाने जाताना हीच गाडी कधी जड वाटली नाही.

जड गाडीचं वजन निघतानाच्या पहिल्या दहा फुटांत आणि थांबतानाच्या शेवटच्या दहा फुटांत लागतं. मधल्या रस्त्यात चाकं फिरत असतात, गाडी स्वतःला सांभाळते. म्हणून हा लेख बहुतेक त्या वीस फुटांबद्दल आहे. मी नागपुरात मनीषनगरहून सदरला ऑफिसला जाते, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. उंची पाच फूट दोन इंच, गाडी रॉयल एनफील्डची मोटरसायकल मिटिअर ३५०, वजन १९१ किलो. पार्किंगवाला पोरगा सुरुवातीला रोज विचारायचा, "ताई, झेपन का? मी काढून देऊ?" आता तो दुसऱ्यांच्या गाड्या सरकवायला मला हाक मारतो.

घेण्याआधी

शोरूममध्ये लोक सीसी विचारतात. तुम्ही सीटची उंची विचारा. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे, मिटिअरची ७६५ वर. चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं कागदावर वाटतं. बसून बघितलं की एका गाडीवर माझे चवडे टेकतात आणि दुसरीवर तळपाय, तेही दोन्ही. सुपर मिटिअर ६५० तर ७४० वरच आहे, पण तिचं वजन २४१ किलो. तेव्हा उंची आणि वजन दोन्ही एकत्र बघायचं. सीट रुंद असली तर मांड्या फाकतात आणि पाय आणखी वर येतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. रोजचे बूट घालून जा, गाडीवर बसा, स्टँडवरून सरळ करा आणि ती दोन्ही बाजूंना इंचभर झुकवून बघा. सेल्समन घाबरला तर घाबरू द्या.

टेस्ट राइडला मोठ्या रस्त्यावर जाण्यात अर्थ नाही, तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. शोरूमच्या पार्किंगमध्ये वळवून आणायला मागा. आणि घरचं गेट, गेटचा रॅम्प आणि गाडी लावायची जागा मोजून ठेवा. आमच्या एका नातेवाइकांनी गाडी घेतल्यावर कळलं की अंगणात ती वळतच नाही. ते आता रोज अंगणभर उलटी गाडी ढकलतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. ३४९ सीसीची गाडी घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता सीसीच्या गटावर ठरतो, तिथेही ३५० ची रेघ आहे. लायसन्स वेगळं लागत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी देऊन मिळवलेल्या लायसन्सवर साडेसहाशेचीही चालवता येते. कायद्याची ही सोय मला थोडी भीतीदायक वाटते, पण ती आहे.

पहिला आठवडा: रिकामा लेआउट

नागपूरकरांचं एक नशीब आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडे अजून असे लेआउट आहेत जिथे रस्ते झाले पण घरं उठली नाहीत. रविवारी सकाळी सहाला तिथे जा. दोन पाण्याच्या बाटल्या आणि चार विटा पुरतात.

आधी गाडी बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, तिच्या डाव्या बाजूला उभं राहून चालवायची. हो, चालत. दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, आणि गाडी किंचित स्वतःकडे झुकवून कमरेला टेकवलेली. अगदी सरळ उभी धरली तर ती कधी पलीकडे जाईल सांगता येत नाही, आणि पलीकडे गेलेली गाडी तुम्ही ओढून धरू शकत नाही. आपल्याकडे झुकलेली कंबरेवर थांबते. असे पन्नास-साठ फूट पुढे, मग मागे. दहा मिनिटांत तिचं वजन कुठून कुठे जातं हे अंगाला कळतं.

मग गाडी सुरू करून, पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर. पूर्ण क्लच सोडायचाच नाही. एक्सिलरेटर अगदी थोडा आणि एकसारखा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका टेकवलेला. वेग कमी करायचा तर तो पाय किंचित दाबायचा, वाढवायचा तर क्लच केसभर सोडायचा. एक्सिलरेटर कमी-जास्त करायचा नाही. इंजिन ओढतंय आणि मागचा ब्रेक धरून ठेवतोय, या दोघांच्या ओढाताणीत गाडी चालण्याच्या वेगातही ताठ राहते. गजबजलेल्या इतवारीत हातगाडीमागून सरकताना मी हेच करते. क्लच तेलात बुडालेला असतो, थोडा वेळ असा घासला तरी जळत नाही. पण सिग्नलवर दोन मिनिटं क्लच दाबून बसू नका, न्यूट्रल करा.

शेवटी विटा मांडून यू-टर्न. रस्त्याच्या रुंदीत गाडी वळवताना सगळ्यांची नजर पुढच्या चाकाजवळ असते आणि गाडी तिथेच जाते. मान खांद्यावरून मागे, जिथे जायचं आहे तिथे वळवायची. वळणात पुढचा ब्रेक वर्ज्य. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक थांबतं, दोनशे किलो पुढे जायला बघतात आणि वळलेल्या बाजूला कोसळतात. पंपावर माझं नेमकं हेच झालं होतं. माझ्या उजव्या हाताची ती दोन बोटं सुटायला तीन रविवार लागले.

थांबणं

चाक कुठे थांबणार याकडे लक्ष द्यायचं नाही, पाय कुठे टेकणार ते बघायचं. आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. कडेला थांबलं की डाव्या पायाखालची जमीन दोन इंच खाली गेलेली असते आणि बुटक्या माणसाला ते दोन इंच महाग पडतात. त्यातून आपल्या सिमेंटच्या रस्त्यांची कड! रस्ता उंच, बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली, मध्ये फट. डावा पाय त्या फटीत गेला की गाडी गेली. मी कडेपासून हातभर आत थांबते, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा.

शेवटच्या तीन-चार फुटांत हँडल सरळ, पुढचा ब्रेक हळू सोडत न्यायचा, मागच्यावर थांबवायचं. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवरच. पाय टेकायच्या जागी गिट्टी, चुरी किंवा पंपावर सांडलेलं डिझेल नाही ना, हे थांबण्याआधी बघायचं. पंपावर तर मी आता नेहमी कोरड्या जागेवर थांबून मग पुढे सरकते.

लावणं आणि काढणं

या गाड्यांना रिव्हर्स गियर नसतो, हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. उतारावर तोंड खाली करून, भिंतीला चाक टेकवून गाडी लावली तर ती काढायला दोन माणसं लागतात. जागा दिसली की आत घुसू नका. आधी थांबा, ढाळ कुठे आहे ते बघा, आणि ढाळाच्या मदतीने गाडी मागे घ्या. तोंड नेहमी बाहेर. संध्याकाळी सीताबर्डीत तुमच्या आजूबाजूला आठ स्कूटी अडकवलेल्या असतील तेव्हा या दोन मिनिटांची किंमत कळेल.

लावल्यावर हँडल डावीकडे वळवून लॉक करा, त्याने गाडी स्टँडवर जास्त पक्की टेकते. उतारावर असेल तर पहिल्या गियरमध्ये टाकून सोडा, नाहीतर ती पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. साइड स्टँड पायाने पुढे ढकलून, तो अडला की नाही हे टाचेने तपासून, मगच वजन सोडायचं. मी आजही तपासते. सोसायटीच्या गेटसमोर सगळ्या बाल्कन्या बघत होत्या.

मेन स्टँड ताकदीने लावायचा प्रयत्न करणारे पाठ धरून बसतात. डावीकडे उभं राहा, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कड्यावर, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर. पाय हलका दाबून गाडी सरळ करत न्या, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की खट् असं जाणवतं. आता हातांनी ओढू नका. सगळं अंग उजव्या पायावर द्या, जणू पायरी चढताय. गाडी स्वतःच वर आणि मागे जाते. हाताचं काम फक्त दिशा देण्याचं. चपला घालून मात्र हा उद्योग करू नये.

पडली तर

पडणार. पडताना धरायला जाऊ नका. एका मर्यादेपलीकडे झुकलेली गाडी कोणाच्यानेच थांबत नाही, फक्त मनगट किंवा गुडघा जातो. पाय बाजूला घ्या आणि पडू द्या. लेग गार्ड त्यासाठीच असतो. अॅक्सेसरीजवर खर्च करायला बसलात तर आधी तो घ्या, बाकीचं नंतर किंवा कधीच नाही.

मग घाई करायची नाही. लाज वाटते म्हणून लोक झटक्यात उचलायला जातात आणि कमरेत चमक भरते. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण), मग किल्ली बंद. पेट्रोल गळतंय का बघा, आजूबाजूला कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला लांब करा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर ती आडवी असतानाच साइड स्टँड उघडा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे गेली तरी स्टँडवर टेकेल. गियरमध्ये असेल तर उत्तम, चाक फिरणार नाही.

आता गाडीकडे पाठ करा. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, असं की जमिनीकडचं टोक टाकीच्या जवळ येईल. एका हाताने ते टोक धरा, दुसऱ्याने सीटखालचा फ्रेमचा पाइप किंवा मागचं कडं. गरम सायलेन्सर आणि मऊ इंडिकेटर धरू नका. कंबर सीटच्या कडेला टेकवा, गुडघे वाकवा, पाठ ताठ. मग पायांनी मागे रेटत छोटी छोटी पावलं टाका. उचलायचं नाही, मागे चालायचं. अर्ध्या वाटेत गाडी हलकी होते, आणि तिथेच सावध राहायचं, कारण जोर तसाच ठेवला तर ती पलीकडे जाते. डाव्या अंगावर पडलेली असेल तर स्टँड तिच्याखाली दबलेला असतो. तेव्हा उभी झाल्यावर एका हाताने धरून, कंबर न काढता, पायाने स्टँड शोधायचा. हे घरी जुन्या गादीवर गाडी आडवी ठेवून, दोन माणसं जवळ घेऊन, एकदा करून बघा. आमच्या घरी रविवारचा कार्यक्रम झाला होता, शेजारचे चहा घेऊन आले.

आणि मदतीला लोक धावतात तेव्हा त्यांना कुठे धरायचं ते स्पष्ट सांगा. आपलं माणूस उत्साहाने नेमका आरसा धरून ओढतं.

मागे कोणी बसत असेल तर

साठ किलोचा माणूस अचानक डावीकडून चढला की उभी गाडी त्याच्याकडे ओढली जाते. माझ्या आईचा आणि माझा करार आहे. मी गाडी सरळ करते, दोन्ही पाय रोवते, पुढचा ब्रेक धरते आणि 'बस' म्हणते, त्याआधी तिचा पाय वर येत नाही. उतरतानाही तेच. पहिल्यांदा सिग्नलवर भाजीवाला दिसला म्हणून ती न सांगता उतरली होती. साडी असेल तर एका बाजूला पाय सोडून बसणं आलं, मग गाडी सतत त्या बाजूला झुकायला बघते आणि यू-टर्न मी टाळते, पुढच्या चौकातून फिरून येते. पदर मात्र कमरेला खोचलेला हवा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, आणि सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे हे पोटरी भाजण्याआधी सांगितलेलं बरं.

उन्हाळा

नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता. असा दिवस रोज नसतो, पण मे महिन्यात दुपारी सिग्नलवर उभं राहिलं की खालून इंजिन आणि वरून ऊन यांच्यामध्ये आपलं भरीत होतं. हवेवर थंड होणारं इंजिन हवा लागली तरच थंड होतं. लांब सिग्नल असेल तर गाडी बंद करा. शक्य असेल तर कामं अकराच्या आत नाहीतर सहानंतर. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना तपासायचा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा बघून हवा काढलीत तर सकाळी टायर कमी हवेवर असेल आणि जड गाडीचं हँडल लगेच जड होतं. किती दाब हवा ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं, पंपवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका.

दुपट्टा बांधून हेल्मेट घालायची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. फक्त टोकं जॅकेटच्या आत जाऊ द्या. मोकळं टोक चेनमध्ये जातं.

पण उन्हाळ्यातली खरी गंमत डांबरावर आहे. सिमेंटचे रस्ते झाले तरी ऑफिसची आणि लग्नाच्या हॉलची पार्किंग अजून डांबरीच. दुपारी बाराला साइड स्टँडवर लावलेली गाडी दोनपर्यंत हळूहळू बसत जाते. स्टँडचं टोक रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढं, त्याखालचं डांबर मऊ झालेलं, टोक आत जातं तसा झुकाव वाढतो आणि एका क्षणी गाडी निजते, शेजारच्या गाडीला घेऊन. मी तळहाताएवढा प्लायचा तुकडा बाळगते. त्याला भोक पाडून हातभर सुतळी बांधली आहे. स्टँडखाली तुकडा, सुतळी हँडलला. निघताना गाडीवर बसून, गाडी सरळ केली की सुतळी ओढायची, वाकावं लागत नाही. खर्च शून्य. मेन स्टँडवर लावली तर उत्तमच, पण तोही मऊ डांबरात रुततो हे मी बघितलं आहे.

पावसाळा

हाच तुकडा पावसात काळ्या मातीवर कामी येतो. कडेला गवत दिसतं म्हणून गाडी उतरवू नका, खाली लोणी असतं. सिमेंटच्या रस्त्यावर पहिल्या सरीत धूळ आणि तेलाचा चिखल होतो, तेव्हा अर्धा तास सगळं सावकाश. रस्त्याच्या लांबीत गेलेल्या सांध्यावरून किंवा गट्टूंच्या कडेवरून लेन बदलायची असेल तर तिरकं, ठाम कोन घेऊन ओलांडा. कडेला समांतर राहून हळूच चढायला गेलं की चाक घसरून परत खाली येतं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सरळ रेषेत वाचवतं, झुकलेल्या गाडीला फारसं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून मी मुसळधार पावसाच्या रात्री गाडी बेसमेंटमध्ये ठेवत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीचं बटण दाबून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून मिस्त्रीकडे न्या.

महिन्याचं काम

माझे महिन्याला पाचशे किलोमीटर होतात आणि चेनला तेल द्यायचा हिशोबही तेवढाच, त्यामुळे पहिला रविवार चेनचा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, चाक हाताने फिरवत जुनी घाण कापडाने पुसायची, मग तेल, मग जास्तीचं पुन्हा पुसायचं. इंजिन चालू ठेवून गियरमध्ये चाक फिरवत हे करणारे लोक मला माहीत आहेत. त्यातल्या एकाचं अर्धं बोट नाही. तेल जास्त झालं तर सिमेंटच्या रस्त्यांची धूळ त्याला चिकटून कानस तयार होते. ढील कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. चाक फिरवून जिथे चेन सर्वांत ताणलेली असेल तिथे मोजायची. आमचा मिस्त्री म्हणतो, "ताई, ढिली चेन आवाज करते, टाइट चेन बेरिंग खाते." त्याने एकदा खाल्लेलं बेरिंग हातात दिलं होतं, त्याच्यात वाळू भरल्यासारखं फिरत होतं.

पहिली सर्व्हिस पाचशे किलोमीटरला, ती चुकवू नका. त्यानंतरच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे. शहरात गाडी लिटरला तीसेक किलोमीटर देते, म्हणजे माझं पेट्रोल महिन्याला सतरा लिटरच्या आसपास. आवाजाचा सायलेन्सर लावायचा विचार असेल तर तो कायद्यात बसत नाही, पोलिस काढून घेतात, आणि मनीषनगरच्या रात्रपाळीवाल्यांचे शाप वेगळे.

लांबच्या गप्पा मारणारे समृद्धीवरून मुंबईला जायच्या गोष्टी करतात. तिथे दुचाकीला परवानगीच नाही. रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे, सकाळी साडेपाचला निघालं की ऊन चढायच्या आत घरी. परतताना गाडी गेटमधून आत घेण्याआधी रॅम्पसमोर थांबा, मागे बसलेल्याला तिथेच उतरवा, पहिला गियर टाका, आणि रॅम्पवर मध्ये कुठेही न थांबता एकाच ओढीत वर न्या.